घोसाळं, गिलकी

आम्ही घोसाळं म्हणतो,
अख्खं सुदामा नगर गिलकी.
वेल दोन्ही ऐकून घेतो
आणि जातो त्याला हवं तिकडे.

मांडव मी अलीकडे घातला.
फुटक्या कूलरची जाळी, परकराच्या जुन्या नाड्या;
एक दिवसाआड येणारं नर्मदेचं पाणी
आधी त्याला, मग टाकीत.
फुलं इकडे उधळली.
फळं धरली ती भिंतीपलीकडे,
कासलीवालांच्या मोरीवर.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही.
परसात अळू होतं, भोपळा होता,
एक घोसाळं हवं होतं.
"भाभी, जरा तोडून देता?"
पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.
"दीदी, आज से दस दिन हरी का त्याग है.
हात कैसे लगाऊँ?"

भाजी घोसाळ्यावाचून शिजली.
विमलाभाभी मात्र रोज, हात पाठीशी बांधून,
मोजून सांगत राहिल्या :
सात. सात. आठ.
एका तणाव्याने त्यांच्या तारेवरचा टॉवेलच धरला.
तोही त्यांनी सोडवला नाही.

अकराव्या दिवशी तोडायला गेलो दोघी,
तर सगळी निबर.

नरकचतुर्दशीच्या पहाटे
भिंतीवरून एक हात आला,
हातात वाळलेलं, हलकं, खुळखुळणारं.
बिया आधी बशीत झटकल्या. सत्तावीस.
मग उटणं लावून पाठ घासली,
लाल होईस्तोवर.

पुढल्या वर्षी बिया तिकडे लावायच्या,
भाभींच्या मोरीशी, असं ठरलंय.
म्हणजे फळं माझ्याकडे येतील.
वेलाला अजून सांगितलेलं नाही.