तिसरी रांग

बातमी आली तेव्हा अर्लीनच्या डायनरमध्ये
तव्यावरची अंडी तशीच करपली.
"सतरा वर्षं," म्हणाला न्हावी क्लेटस,
आणि पुढचं काही सुचेना म्हणून
मिठाची बाटली फिरवत बसला.

बाहेर ओहायोतला मार्च, काळा पडलेला बर्फ.
कॉलेजच्या पोरांनी जिमच्या दाराला
कोचसारखे भयानक हिरवे टाय बांधलेत,
किमतीच्या चिठ्ठ्याही न काढता.

कुणी म्हणालं, यंदापासून देणगी बंद.
कुणी म्हणालं, अध्यक्षाला चेंडू आणि भोपळा
यातला फरक तरी कळतो का?
डोरीनला आठवलं, तिचा नवरा गेला तेव्हा
अख्खा संघ आला होता पेटी उचलायला,
एवढे उंच, की चर्चच्या दारातून
सगळे गुडघ्यात वाकून गेले.

मी गप्प.
फेब्रुवारीत सलग नववी मॅच हरलो तेव्हा
तिसऱ्या रांगेतून
"घरी जा, म्हाताऱ्या" ओरडलो होतो, तो मीच.
त्यानं वळून पाहिलं,
हात केला.
ओळखीचा.

आता घरीच असतो म्हणे.
गॅरेजवरच्या रिंगखाली
शेजारच्या पोरीला फ्री थ्रो शिकवतो:
गुडघे वाकव. घाई नको.