गावात आता कोण राहतं

पौष. काश्यपीच्या धरणावर सकाळचे साडेसहा.
पाण्यातून वाफा निघताहेत.
लहानू बेंडकोळी होडीचा तोल धरून बसलाय
आणि मी दोरीनं बाटली खाली सोडतेय :
एक मीटर, पाच, अकरा.
प्रत्येक मीटरला एक लाल चिंधी,
शाहीन तांबोळीच्या जुन्या ओढणीची.

वरचं पाणी, मधलं, तळाचं.
तीन बाटल्या, तीन मोहल्ले.
वैशाखात यांची एकमेकांशी तोंडओळखही नसते.
वर ऊन पिऊन जगणारे,
खाली हवेवाचून, गंधकावर गुजराण करणारे,
मध्ये गार पाण्याचा एक उंबरा,
दिसत नाही, पण बुडी मारली की पायाला कळतो.
मग निफाडकडची ती थंडी पडते,
द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायला लावणारी.
वरचं पाणी गारठतं, जड होतं, बुडतं
आणि तळ वर येतो.
आठ-दहा दिवस धरणभर उलथापालथ,
कुणाची बिऱ्हाडं कुठं.
काठावरून बघाल तर
पाणी आपलं उभं. एक टिटवी. बस.

दुपारी प्रयोगशाळेत गाळण.
पाणीपुरीच्या पुरीएवढा गोल कागद,
त्यावर जे उरतं ते आमचं.
काश्यपीचा कागद पांढराच राहतो जवळजवळ.
गंगापूरचा भाद्रपदात चहाच्या फडक्यासारखा.
आणि नांदूरमध्यमेश्वरचा,
म्हणजे तेच पाणी,
शहर ओलांडून, नाले पोटात घेऊन,
बागांचं खत पिऊन तिथं थबकलेलं,
चैत्रातच हिरवागार, अर्ध्या पेल्यात गच्च.
पंप केकाटतो. शाहीन त्याला शिव्या घालते.
त्या बाटलीत पाणपक्ष्यांच्या पोटातलेही असतात काही,
कुठल्या कुठल्या मुलखांतून फुकट आलेले.

गेल्या पौषात होडी वळवताना लहानूनं विचारलं,
मॅडम, ही अकरा मीटरची बाटली
नेमकी कुठं पडते, ठाऊक आहे?
मी अक्षांश वाचला. रेखांश वाचला.
तो म्हणाला, चिंचेखाली.
चिंचेच्या डाव्या हाताला आमचा गोठा, पुढं मारुती.
मारुतीला उचलून वर नेला. गोठा राहिला.
मग वल्हं तसंच पाण्यात धरून :
एवढं बघता तुम्ही, तर मला सांगा,
गावात आता कोण राहतं?

ज्येष्ठ उजाडला यादी यायला.
अकरा पानं. त्याच्या ओसरीवर बसून वाचली.
लॅटिन नावं बाजूला ठेवली,
हे लोखंडावर जगतात म्हटलं, हे पाचोळ्यावर,
हे फक्त श्रावणात दिसतात, गढूळ पाण्याबरोबर,
यांचं पोट मेलेल्या शेवाळावर.
सातव्या पानापासून नुसते आकडे.
हे कोण?
यांना नाव नाही अजून. कुणी वाढवून पाहिलेलं नाही यांना.
किती आहेत असे?
निम्म्याहून जास्त.
तो तंबाखू मळत राहिला.
पुनर्वसनाच्या यादीत आमचेही तसेच होते, म्हणाला,
आणि त्याची बायको आतून ओरडली,
आता तो विषय काढू नका, चहा घ्या आधी.

चहा घेतला.
निघताना त्यानं हळूच विचारलं, शेणातले कोणी?
होती एक ओळ. दहा हजारांत चार.
गुरांच्या आतड्यात राहणाऱ्यांच्या भाऊबंदकीतली.
मी घाईनं सांगितलं, याला अर्थ नाही काही,
काल काठावर म्हैस पाण्याला उतरली तरी पुरे होतं,
पन्नास वर्षं कोण टिकतंय तिथं.
हो हो, म्हणाला,
आणि ते एकच पान घडी करून खिशात ठेवलं.

आज नोंदवहीत
स्थळाच्या रकान्यात मी आकडे लिहिले,
त्यांच्याखाली पेन्सिलीनं : चिंचेखाली.
शाहीन म्हणाली, हे काय?
स्थळ, म्हटलं.
तिनं खोडरबर उचललं, परत ठेवलं,
पंपाचं बटण दाबलं.
तळाचा कागद वाळत आलाय.
यंदा किंचित पिवळसर वाटतोय.
की दिव्याचा रंग आहे, कोण जाणे.