धूळ?

छत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांचे ताव तपासले.
ठिपका जागचा हललेला दिसला की ताव बाद.
आता अंजनेरीच्या पायथ्याशी
पत्र्याच्या खोलीचं छप्पर सरकवते
आणि हललेला ठिपकाच शोधते.

हा सापडला दुसऱ्याच कुणाला, खालच्या गोलार्धात.
आमच्याकडे नुसता निरोप: जागा मोजून कळवा.
शेपूट नाही, तेज नाही,
तासाला अकरा विकला सरकणारा करडा डाग.

विकला म्हणजे केवढी, भाचीने विचारलं.
म्हटलं, पांडवलेण्यावर कुणी रुपया धरला
आणि तू द्वारकेच्या सिग्नलवरून बघितलास,
तर दिसेल तेवढी.
नाहीच दिसणार, ती म्हणाली.
तेच.

तीन जागा मिळाल्या की कक्षा निघते
हे पुस्तकात खरं आहे.
तीन रात्रींची कक्षा चौथ्या रात्री मोडते.
नोव्हेंबरात उत्तर आलं अपास्त:
एकदा वळेल, मग कायमचा गेला.
डिसेंबरात लंबवर्तुळ, दहा लाख वर्षांचं.
मग पारा चारावर उतरला,
गिरणाऱ्याकडच्या बागांत द्राक्षांसाठी शेकोट्या पेटल्या,
धुरात चार रात्री गेल्या,
आणि पुन्हा अपास्त.

वाटेत गुरूने किती ओढलं, तेही धरावं लागतं.
गुरूचा हिशेब ह्या गावाला सांगायला नको.
तो सिंहेत आला की टेंडरं निघतात,
घाट धुतले जातात, रस्ते रुंद होतात.
बारा वर्षं मनात मावतात:
मागच्या वेळी सासूबाई होत्या,
पुढच्या वेळी गुडघे असतील की नाही.

जानेवारी संपता संपता कुमुदताई गायधनींनी
सरांची हार्ड डिस्क दिली, पोह्यांच्या डब्यासकट.
सर जाऊन आठ महिने झाले होते.
त्यांनी आकाशाचा तोच तुकडा टिपला होता
चौदा महिन्यांपूर्वी, दुसऱ्याच कुठल्या ताऱ्यासाठी.
मी गणित उलटं फिरवलं,
तेव्हा तो कुठे असावा तिथे चौकोन आखला.
चौकोनाच्या कोपऱ्यात
सरांनी आधीच गोल केलेला डाग,
बाजूला टीप: धूळ?

त्या प्रश्नचिन्हाचे उपकार.
नुसतं धूळ लिहिलं असतं
तर सरांनी फोटो पुसून टाकला असता,
माणूस असा टापटिपीचा.

तो डाग धरला. सगळं जुळलं,
फरक अर्ध्या विकलेच्या आत.
उत्केंद्रता शून्य दशांश नऊ नऊ आठ पाच.
येणार. नव्वद हजार वर्षांनी,
अधिक-उणे तीन हजार.

फोन केला. म्हटलं, ताई, परत येणारा आहे.
त्या थोड्या थांबल्या. कधी?
मी आकडा सांगितला.
बरं, म्हणाल्या, आणि
तुमच्याकडे पाणी येतंय का वेळेवर, ते विचारलं.

अधिक-उणे सांगायचं राहिलं.
डबा द्यायला जाईन तेव्हा सांगेन.
तो रिकामा कसा न्यायचा,
तेवढं अजून सुचत नाहीये.