हात वर झाला की

देवगडात माझे आठ बेस आहेत, चार टॉप,
आणि एक मिक्सर, ज्याची तिसरी कळ कुरकुरते.
गणपती, दहीकाला, अंडरआर्म क्रिकेट, आमदारांचा वाढदिवस,
सगळ्यांना आवाज मीच दिला.
म्हणून रॅपवाल्या पोरांच्या बैठकीलाही बोलावणं आलं:
साउंडचा धनी, सही हवी.

टेबलावर अर्ज. तीन नावं.
प्रबुद्ध तांबे. साहेबांनी वाडी विचारली.
पावसकर वाचून त्यांची मान हलली,
मग अलीकडचं ‘साहीम’ दिसलं
आणि मान अर्ध्यातच राहिली.
दीपेन रोकाया.
‘हो खयचो?’
‘हयचोच,’ दीपेन म्हणाला.
‘मोंडकरांच्या कलमांत जन्मलंय.’
कोणीतरी हसलं.

त्याचा बाप बावीस वर्षं हापूस राखतो.
वानर आणि चोर, दोघांनाही ते बारीक डोळे ठाऊक आहेत.
पोरात तेच डोळे उतरलेत,
आणि सभा त्यांच्याकडे बघून गर्दीचा अंदाज बांधत होती.

नगरसेविका म्हणाल्या, असल्या गाण्यांना
कसली पोरं येतात ते सांगायला नको.
लॉजवाले गवाणकर म्हणाले, एका ठिकाणी चाकू निघाले होते.
कुठे, कधी, ते त्यांच्या मोबाइलमध्ये होतं.
मोबाइल घरी चार्जिंगला होता.

खोटं कशाला बोलू, भीती मलाही असते.
तीन वर्षांमागे कबड्डीची गॅलरी बसली,
पोफळीच्या वाशांवर तीनशे माणूस.
राणेंची तन्वी अजून डाव्या हाताने लिहिते.
तेव्हा कोणी विचारलं नव्हतं
कबड्डी कसली पोरं बघतात.

म्हणून मी म्हटलं, जेटीकडची वाट मोकळी ठेवा.
वायर डोक्यावरून न्या, जनरेटर वाळूत नको,
एक रुग्णवाहिका, चार पिंप पाणी.
साहेबांनी लिहिलं:
सगळ्यांचं आधार, गाण्यांचे शब्द आगाऊ, चौदा शिपाई.
वायर राहिली.

आणि शेवटची अट.
मास्टर व्हॉल्यूमवर माझं बोट राहील.
साहेबांचा हात वर झाला की आवाज बंद.
‘तुम्ही आपले आहात,’ ते म्हणाले.
मी सही केली.
माझं आडनाव त्या कागदावर कुठेच अडकलं नाही.

शनिवारी, पवनचक्क्यांच्या खाली, पाचशे खुर्च्या.
कुल्फीवाला, कॉलेजच्या मुली, ट्रॉलरवरचे खलाशी,
मांडीवर पोर घेतलेली प्रबुद्धची मावशी.
प्रबुद्धने विहीर म्हटली. हात खाली.
साहीमने बर्फाचा कारखाना म्हटला. हात खाली.
मग दीपेन आला. शिवी नाही, कोणाचं नाव नाही:

मध्यानरातीक बापूस काठी आपटता,
आंब्याक म्हणता, मी आसंय, तू नीज.
आंबो गेलो दुबयक, बापूस रवलो हय,
आणि तुमी माका इचारतास

हात वर झाला.

मी बंद केलं.
बोट थरथरलं वगैरे काही नाही.
सवयीचं बोट आहे ते.
मग दुसऱ्या माइकवर मीच सांगितलं, तांत्रिक बिघाड, क्षमस्व.
म्हणून हे इथे लिहून ठेवतो.

दीपेनचे ओठ चालूच होते.
पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं असेल,
मागे नुसती पातीं फिरत होती.
कोणी खुर्ची फेकली नाही. उठून लोकांनी
आपापल्या चपला शोधल्या.
शिपायांनी कुल्फी खाल्ली आणि पैसे दिले, तेही सांगायला हवं.
साहीमने माझी वायर गुंडाळून दिली, आठाच्या आकड्यात, जशी लागते तशी.
दीपेन माझ्याशी बोलला नाही.

मार्चात शिमगा. बेस माझेच.
पालखी कोणी आधी नाचवायची यावरून दोन डोकी फुटली,
एकाला रात्रीच कणकवलीला हलवलं.
साहेब पुढच्या खुर्चीत होते.
मी पहाटेपर्यंत त्यांच्या हाताकडे बघत राहिलो,
बोट कळीवर ठेवून.
हातात मानाचा नारळ होता.