रकाना चौथा

अर्ज तीन प्रतींत, शपथपत्र वेगळं.
पहिल्या रकान्यात मी: सुलक्षा बाबुसो गावस, राहणार वाळपई.
दुसऱ्यात रुग्णाशी नातं. बहीण, लिहिलं.
तिसऱ्यात डॉक्टरचं संपूर्ण नाव,
ते मेडिकलवाल्याला विचारावं लागलं,
आम्ही जन्मभर नुसतं दोतोर म्हणत आलो.
चौथ्यात नोंदणी क्रमांक.

तो कुठून आणू?
भावाच्या सगळ्या चिठ्ठ्या बांबोळीला गेल्या
पायासोबत,
आणि पायासारख्याच परत आल्या नाहीत.

भाऊ म्हणतो, नको.
सातव्या वर्षी मण्यार चावली तेव्हा
ह्याच माणसानं मला मांडीवर घेऊन
जीपमधून पणजी गाठली होती.
एक जीव दिला, अर्धा पाय घेतला,
अजून मीच देणं लागतो.
म्हणतो आणि हसतो, आणि कुबडी
हात पोचणार नाही अशी ठेवतो.

मी हिशेब मांडत नाहीये.
मला ती एक रात्र लिहायची आहे:
प्लास्टर आवळतंय, बोटं निळी पडलीत, म्हणून
अकरा वाजता मी त्याच्या दाराची घंटा वाजवली
आणि वरच्या खिडकीतून आवाज आला,
"तें तशेंच जाता. फाल्यां यो."
फाल्यां म्हणजे उद्या.
अर्जात तेवढं मी मराठीत केलंय.

चतुर्थीच्या आधी भाऊ रानात शिरायचा,
गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीसाठी.
कवंडळं, घागऱ्यो, आणि कुणालाच नाव ठाऊक नसलेलं
एखादं जांभळं फळ, दरवर्षी वेगळं.
यंदा कवंडळं बाजारातून आणली, पन्नासला तीन.
तो त्यांच्याकडे बघत बसला,
घरातलंच लग्न चुकलेल्या माणसासारखा.
ह्याला अर्जात रकाना नाही.

शेवटी दवाखान्यात गेले. टोकन चौदा.
त्याच्या खुर्चीमागे भिंतीवर चौकट,
चौकटीत तारीख, मोहोर, क्रमांक.
"कितें जाता गे?"
पोटात दुखतं, म्हटलं.
त्यानं जीभ बघितली, पोट दाबलं. हात थंड.
मी त्याच्या खांद्यावरून आकडे पाठ करत होते,
पहिले दोन, मधला तिरपा दांडा, मग
"भाव कसो आसा?"

तो विचारणार नाही, ह्याची तयारी करून गेले होते.
विचारेल, ह्याची नव्हती.
बरो आसा, म्हटलं. सगळे आकडे सांडले.

तो बराच वेळ पेनाचं टोपण शोधत राहिला.
त्याच्याच खिशात होतं.
मग चिठ्ठी लिहिली,
ड्रॉवरातल्या चार गोळ्या पुडीत बांधल्या,
पैसे नको म्हणून हात हलवला
आणि सहीखाली शिक्का उमटवून
कागद माझ्या हातात दिला.

बसस्टँडवर उलगडला.
शिक्क्यात, नावाच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत
रकाना चौथा.

पणजीत कारकुनानं पानं मोजली,
एका ठिकाणी सही राहिली होती ती करून घेतली,
माझ्या प्रतीवर आवक शिक्का मारून आकडा घातला.
आता मलाही एक क्रमांक आहे.
उत्तर कधी येईल, विचारलं.
येईल, म्हणाला. उद्या म्हणाला नाही,
त्याचंच बरं वाटलं.

परतीच्या कदंबात, साखळी सुटल्यावर
पोटात खरंच दुखू लागलं.
पर्समध्ये पुडी होती.
एक गोळी बाटलीतल्या पाण्याबरोबर घेतली.
होंडा येईस्तोवर
थांबलं.