क्रमांक एवढाच ठेव

सावद्याला, केळी ग्रुपच्या ऑफिसात
पंख्याखाली एक सर्व्हर आहे,
पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवलेला.
रोज अकराच्या सुमाराला मान टाकतो.

टेबलं आखली तेव्हा सोपं वाटलं होतं:
शेतकरी. बाग. कापणी. गाडी.
एका शेतकऱ्याच्या अनेक बागा,
माल नवती, पिलबाग नाहीतर वापसी,
चौथं काही टाइप होणार नाही,
आणि भावाच्या रकान्यात फक्त आकडा,
शिवी चालणार नाही.

तरी पहिल्याच आठवड्यात अत्तरदे दोनदा जन्मला.
एकदा बाळू, एकदा बायू.
आमच्याकडे ळ चा य होतो, मला काय माहीत नव्हतं?
मशीनला सांगायचं राहिलं.
एकच बाग दोघांच्या नावावर कापली गेली.

पण मान टाकण्याचं कारण वेगळं.
जो लॉगिन करील त्याच्या सेशनमध्ये
मी अख्खा शेतकरी भरून ठेवत होते,
बागांसकट, गाड्यांसकट,
तीन वर्षांच्या कापण्यांसकट.
म्हटलं, पुन्हा पुन्हा विचारायला नको.
एकेक व्यापारी शंभर शेतकरी उघडून बघतो.
चाळीस व्यापारी,
प्रत्येकाच्या खिशात अख्खं गाव.
लॉगआउट कोणी करत नाही.
चहाला म्हणून उठतात, फैजपूरला निघून जातात,
गाव तसंच खिशात.

मोतीराम मापाडी माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला,
हाताला केळीच्या चिकाचे काळे डाग.
स्क्रीनला बोट न लावता म्हणाला,
"सिंधूबाईची हे बाग तं सकायीच कापली. गाडी बी गेली."

टेबलात पाहिलं. कापलेलीच होती.
सेशनमध्ये मात्र घड अजून झाडावर,
सकाळी सातची प्रत, हिरवीगार,
आणि एक जण तिला भाव लावत होता.

रात्री मी सगळे खिसे उलटे केले.
आता सेशनमध्ये क्रमांक, एवढाच.
माणूस लागेल तेव्हा टेबलातून आणायचा,
त्या घडीला असेल तसा.
वीस मिनिटं कोणी बोललं नाही
तर क्रमांकही विसरायचा.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले.
बारा वाजले. सर्व्हर नुसता गुरगुरत होता.
मी कुंभारखेड्याच्या शेवेची पुडी सोडली.

मोतीरामनं मूठ पुढे केली आणि म्हणाला,
"तू देवचंद बोरोल्याची ना?
तिसरीत होती, माह्या काट्यावर बसे.
एकवीस किलो."

आता अठ्ठावन्न आहे, सांगणार होते.
मग म्हटलं, राहू दे,
ही प्रत कुणाचं काय अडवते?

तो शेव चावत थोडा वेळ हिशेब करत राहिला.
"सव्वाएकवीस," म्हणाला.
"तवा काटा पाव किलो कमी दाखवे."