गुरुवारचा वर्ग, डंडी

पन्नाशीला टेकलेली शीना, वीस वर्षं
दारोदार बाळांची वजनं घेत फिरलेली,
आता पुन्हा विद्यार्थिनी.
शेजारी हवालदार इनिस. बूट ओले, डोळ्यांत रात्रपाळी.

टेबलावर नाव बदललेल्या एका मुलाच्या पाच फायली:
शाळा, दवाखाना, पोलीस, घरखातं,
आणि एक, नुसतीच जाड.

प्राध्यापिका विचारतात, "हा झोपतो कुठे?"

पानं चाळली जातात. वजन आहे, गैरहजेरी आहे,
आईचा पत्ता तीनदा, तीनदा खोडलेला.
झोपतो कुठे, ते नाही.

खाली टे नदीवर धुकं.
शीना पेनाचं टोपण चावते.
"असल्याच एका घरी गेले होते मी.
सोफ्यावर उशी होती, एवढीशी.
मला वाटलं, मांजराची."

इनिस खुर्ची जवळ ओढतो.
"सोफा हिरवा होता?"